पाठीचं माप

पाइपलाइनसाठी खोदलेला चर आमच्या दारापुढं चार दिवसांपासून उघडाच होता. एक मेच्या सकाळी माझी बायको चांगुणा पाण्याची घागर घेऊन आली अन त्या चरापाशी थांबली. घागर तिनं वाकून अलीकडं ठेवली, पण स्वतःला काही येता येईना. एरवी तिनं ढांग टाकली असती अन वरून महापालिकेला दोन शिव्या हासडल्या असत्या. आज नुसती बघत उभी राहिली, जणू चराच्या तळाला कुणी वळखीचं दिसून राहिलं होतं. मी उंबऱ्यात होतो, सभेला जायचा पांढरा सदरा घालून. दोन पावलं पुढं झालो, तिच्या काखेत हात घातले अन उचलून तिला दाराशी ठेवली. एवढंच झालं. ती म्हणाली, अहो, आज एक तारीख हाय, उचलायचं नसतंय. अन हसली. मला मात्र हसू आलं न्हाई. माझ्या हातांनी मला आकडा सांगून टाकला होता. एकोणचाळीस किलो, तेही साडीसकट.

हे कसं कळतं म्हणून विचाराल तर मला सांगता येणार न्हाई. मी रामकिशन, नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एकतीस वर्षांपासून हमाल. शंभर किलोच्या पोत्याचे दिवस मी पाहिले, आता पन्नासचा कट्टा आलाय. तूर, सोयाबीन, हळद, जे येईल ते या मानेवरून गेलंय. पाठीवर माल पडला की मणक्यातून एक आकडा वर येतो अन कानामागं थांबतो. कट्टा एक किलोनं कमी भरला तर मी तिथंच म्हणतो, आप्पा, यात एकोणपन्नास हायेत. आप्पा, म्हणजे दुकानाचे मालक गुरुपादप्पा, काट्यावर टाकून बघतात, तर एकोणपन्नासच. आमच्या टोळीत हे थोडंफार सगळ्यांनाच येतं. दुसऱ्याच्या पाठीवर काय पडलंय, ते आम्ही त्याच्या गुडघ्यांकडं बघून सांगतो. पण माझ्या पाठीवर चहाच्या पैजा लागतात अन मी आजवर एकही पैज हरलेलो न्हाई. माणसांचंही तसंच. आमची लेक दिपाली लहान असताना दर रविवारी मी तिला अन तिच्या आईला एकेक करून उचलायचो अन आकडा पुकारायचो. पोरगी खिदळायची, चांगुणा लाजून म्हणायची, ठेवा खाली, लोकं बघून राहिलेत. तो खेळ कधी बंद पडला ते आठवत न्हाई. दिपाली मोठी झाली, शाळेचं दप्तर आलं, मग ती लातूरला क्लासला गेली. खेळ कुणी बंद करत न्हाई, तो आपोआप बंद पडतो.

मी घागरीकडं बघत होतो. चांगुणा घागर घेऊन आत गेली. तिच्या हिरव्या बांगड्या कोपराकडं सरकल्या अन परत मनगटावर आल्या. मागच्या महिन्यात ती खिडकीपाशी बसून ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवत होती, तेव्हा मी समोरच बसून भाकर खात होतो. जुनं नीट करून वापरती, काटकसरीची हाय, एवढंच मला वाटलं. ती ताटात अर्धी भाकर घ्यायची, तीही तशीच राहायची, म्हणायची उन्हानं भूक मेली. उन्हाळा आता लागला. भूक कवाची मेली होती? अरे गाढवा, मी स्वतःलाच म्हणालो, तुझी पाठ किलोचा हिशोब ठेवती अन तुझे डोळे काय करत होते?

आम्ही मोंढ्याकडं निघालो. एक मेला आमची टोळी काहीच उचलत न्हाई. हा रिवाज आमच्या मुकादमानं, हणमंतरावनं, पाडला. त्या दिवशी सकाळी प्रत्येकानं आपला पोती ओढायचा हूक कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुवायचा, त्याला तेल लावायचं अन मोंढ्याच्या कमानीखाली लाल झेंड्यापाशी दोरीवर अडकवायचा. दिवस मावळेस्तोवर पाठीवर, डोक्यावर, खांद्यावर काही घ्यायचं न्हाई. घरची घागरसुद्धा न्हाई. त्यामुळं त्या दिवशी घरातलं सगळं बायका उचलतात, अन चांगुणा दरवर्षी म्हणायची, तुमची सुट्टी झाली की आमची डबल पाळी लागती. बाहेरगावचं कुणी त्या दिवशी नांदेडला येणार असंल तर त्याला मी सांगंन, बाबा, बँक बंद, कचेऱ्या बंद, साहेब लोक सकाळी महाराष्ट्र दिनाचा झेंडा लावून घरी गेलेले. माल घेऊन मोंढ्यात येऊ नको, कुणी हात लावणार न्हाई. आलास तर गुमान सरबत पी, हणमंतरावचं भाषण ऐक अन सगळ्यांनी वाजवल्यावर टाळी वाजव. भूक लागली तर गुरुद्वाऱ्यात जा, लंगरला सुट्टी नसती. अन टोपी घालून ये, कारण नऊ वाजताच डांबर मऊ होतं.

मला स्वतःला तो दिवस कधी झेपला न्हाई. पाठीवर वजन नसलं की माझे पाय जमिनीला नीट लागत न्हाईत. रस्ता पाण्यातून बघितल्यावाणी हलतो, दुकानांच्या पाट्या जवळ येतात अन लांब जातात. बंद मोंढ्यात हळदीची धूळ तेवढी जागी असती. ती नाकात जाती, घशात बसती, अन मग मी एकाच वेळी पंचवीसचा असतो, चाळीसचा असतो, आत्ताचाही असतो. चांगुणा माझ्या पुढं चालत होती. तिच्या चपला फटफट वाजत होत्या अन मला त्या आवाजात पाणी ऐकू यायला लागलं. गोदावरीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं ते साल. कमरेएवढं गढूळ पाणी, त्यात कुणाची तरी खाट तरंगत चाललेली. चांगुणाला सातवा महिना होता. मी तिला पाठीवर घेतली अन उंचावरच्या शाळेपर्यंत नेली. पाण्यात पाऊल टाकलं की खालची माती निसटायची. ती घाबरून माझी मान इतकी आवळत होती की श्वास घेता येईना. तिची भीती जावी म्हणून मी म्हणालो, साडेबावन्न. ती म्हणाली, काय साडेबावन्न? मी म्हणालो, तुम्ही दोघी मिळून. अन पाण्याच्या मधोमध, पाठीवर बसून, ती हसायला लागली. ते हसू माझ्या पाठीला अजून मालूम हाय.

अन मग आई आठवली. आईचं आठवलं की मी विषय बदलतो, पण त्या दिवशी विषय बदलायला डोकंच जागेवर नव्हतं. आई आजारी होती तेव्हा मी तिला दवाखान्याच्या जिन्यावरून वर न्यायचो, दर आठ दिवसांनी, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या खेपेला दम लागला. दुसऱ्या खेपेला कमी लागला. तिसऱ्या खेपेला तर मी एका दमात वर गेलो अन तिला म्हणालो, आई, लई हलकी झालीस, बरं झालं. मी खुश झालो होतो. खोटं कशाला सांगू, खरंच खुश झालो होतो. हमालाला हलकं म्हणजे चांगलं. सगळी जिंदगी आम्ही सकाळी उठून एकच मागणं मागतो की आज माल हलका येऊ दे. आई म्हणाली, व्हय रे बाळा, तुझ्या जिवाला तेवढाच आराम. वीस दिवसांनी ती गेली. माझ्या पाठीनं मला तीन वेळा सांगितलं होतं अन मी तिन्ही वेळा ते उलटं ऐकलं. याची लाज मी कुणालाच बोलून दाखवलेली न्हाई, चांगुणालाही न्हाई.

कमानीखाली टोळी जमली होती. सगळ्यांचे हूक दोरीवर लटकत होते, मीही माझा लटकवला. हणमंतराव बोलायला उभा राहिला. दरवर्षी तो तेच बोलतो, की लांबच्या देशात कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी जीव दिले, आठ तास काम, आठ तास झोप अन आठ तास आपले. आपले आठ तास, या शब्दांवर तो मूठ वर करतो अन आम्ही घोषणा देतो. मी मूठ वर केली अन ती वरच राहिली. माझे आठ तास कुठं गेले? एकतीस वर्षांचे आठ-आठ तास. मी घरी येऊन भाकर खाल्ली अन भिंतीकडं तोंड करून झोपलो. माझी बायको माझ्या शेजारी किलोकिलोनं कमी होत होती अन मी माझ्या हक्काच्या आठ तासांत घोरत होतो. कुणीतरी माझा हात खाली ओढला. बायका दुसऱ्या बाजूला सावलीत बसल्या होत्या, चांगुणा त्यांच्यात, खांबाला टेकून, डोळे मिटून.

मग आमच्या सणाचा गमतीचा भाग आला. मालक लोकांतून एकानं त्या दिवशी दुकानापासून कमानीपर्यंत एक कट्टा स्वतः वाहून आणायचा, अन आम्ही दोन्ही बाजूंना उभं राहून त्याला चिडवायचं. यंदा गुरुपादप्पांची पाळी होती. उदगीरचे, सत्तरीतले, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. चांगुणा त्यांच्याच दुकानात धान्य चाळायला अन निवडायला जाते. त्यांनी दहा किलोची पिशवी खांद्यावर घेतली अन नवरदेवासारखे हळूहळू आले. पोरं ओरडली, आप्पा, रिकामा बारदाना लय जड हाय का? आप्पा घाम पुसत हसत होते. सगळे हसले. मी त्यांना बाजूला घेतलं अन दुकानाची चावी मागितली. त्यांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय तोलायचंय? आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं अन करदोट्याला अडकवलेली चावी काढून माझ्या हातात ठेवली.

चांगुणाला म्हणालो, चल जरा. ती कशाला म्हणून विचारील असं वाटलं होतं. तिनं विचारलं न्हाई. दुकानात अंधार होता, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल तुरीच्या थप्पीवर पडले होते, कबुतरं वर घुमत होती. मी बटण शोधायला भिंत चाचपडत होतो, तेवढ्यात तिनं काट्याचं बटण दाबलं. तिला माहीत होतं ते कुठं हाय. तिनं चपला काढल्या, पदर गुंडाळून कमरेला खोचला अन काट्याच्या लोखंडी पाटावर बरोबर मधोमध उभी राहिली, हात अंगाला लावून, हलू न देता. नवं माणूस काट्यावर चढलं की डुलतं, आकडा पळत राहतो. ती डुलली न्हाई. तेव्हा मला कळलं, ही इथं पहिल्यांदा उभी राहिलेली न्हाई. लाल आकडे आले अन थांबले. अडतीस किलो, सातशे ग्राम. मी तीनशे ग्रामनं चुकलो होतो, अन आयुष्यात पहिल्यांदा देवाधर्माशिवाय हात जोडून म्हणत होतो की मी पंधरा किलोनं चुकलेलो असू दे.

"मागच्या महिन्यात एक्केचाळीस होते," ती काट्यावरूनच म्हणाली. "संक्रांतीला पंचेचाळीस."

मग तिनं खाली उतरून सगळं सांगितलं, आवाज न चढवता, धान्यातले खडे बाजूला करावेत तसं एकेक. दिवाळीपासून घास खाली उतरत न्हाई. छातीच्या मधोमध अडकतो. आधी भाकर अडकायची, आता भातही अडकतो, वरणाचं पाणी तेवढं जातं. गल्लीतल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या अन म्हणाला, मोठ्या दवाखान्यात नळी घालून तपासून घ्या. तो कागद तिनं फडताळात बुद्धाच्या फोटोमागं ठेवला. दर महिन्याला एकदा, दुकानात कुणी नसलं की ती काट्यावर उभी राहायची. मला राग आला. इतका आला की मी तुरीच्या थप्पीवर बुक्की मारली अन कबुतरं उडाली. म्हणालो, सगळ्या मोंढ्याचा माल मी तोलून सांगतो अन माझ्याच घरचं माप मला लपवतीस? ती म्हणाली, रविवारी दिपालीची परीक्षा हाय. दोन वर्षं पोरगी लातूरला एका खोलीत चौघींत राहून शिकली. तिला आत्ता कळलं तर ती पहिल्या गाडीनं येईल, परीक्षा गेली समजा. मी सोमवारी येते तुमच्यासंगं, कुठं म्हणाल तिथं. तीन दिवसांनी काय होतंय?

तीन दिवसांनी काय होतं ते मला माहीत होतं. आईच्या त्या तीन खेपा मला माहीत होत्या. पण पोरीचं कारणही खोटं नव्हतं. घरातली पहिली पोर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार, ती आईबापाच्या आग्रहानं न्हाई, स्वतःच्या डोक्यावर. रविवार गेला तर पुन्हा एक वर्ष, अन तेवढा तिच्या मनानं धीर धरला नसता. मी तुरीच्या कट्ट्यावर बसलो. उन्हाचे गोल थप्पीवरून जमिनीवर आले. कमानीकडून घोषणा येत होत्या, एकदा मोठ्यानं, एकदा लांबून. मग मी तिला म्हणालो की आज जायचं, आत्ता. ती म्हणाली, आज सुट्टी, मोठ्या दवाखान्यात बाहेरच्या रोग्यांची तपासणी बंद. मी म्हणालो, अपघाताचं खातं उघडं असतं. तुझा पाय मुरगळला असं सांगून आत शिरू, मग डॉक्टरच्या हातात तो कागद देऊ. टोळीलाही तेच सांगू, पाय मुरगळला. हणमंतरावचा भाचा लातूरला दिपालीच्याच क्लासला हाय, इथं शब्द फुटला की सांजच्या आत तिथं पोचतो. तर शब्द फुटूच द्यायचा न्हाई. चांगुणानं थोडा विचार केला अन डावा पाय उचलून धरला. म्हणाली, हा मुरगळला. मला तेव्हाही तिच्यावर प्रेम आलं, आता लपवून काय करू.

मी तिच्यापुढं पाठ करून बसलो. ती म्हणाली, लंगडत येते की, आज एक तारीख, सगळ्यांसमोर रिवाज मोडाल. मी म्हणालो, चढ. ती चढली. मी उठलो, अन उठताना जो जोर लावला तो अर्धा वाया गेला, मी जवळजवळ पुढं पडलो. एकतीस वर्षांत माझी पाठ अशी फसली न्हाई. तिची हनुवटी माझ्या खांद्यात रुतत होती. दुकानातून बाहेर आलो तर ऊन पांढरं झालेलं, रस्ता कुठं संपतो अन कमान कुठं सुरू होते कळेना. पाण्यातून चालल्यासारखा मी चाललो. आमची सवय अशी की पाठीवर माल पडला की पाय आपोआप दुडक्या चालीनं पळतात, वजनच पळवतं. आज पाय पळेनात. त्यांना पळायला लावण्याएवढं काही वर नव्हतंच.

कमानीपाशी सगळे थांबले. एकजण हसत ओरडला, रामकिशनभाऊ, एक मेला वझं? मी ठरलेलं सांगितलं, सकाळी चरात पाय मुरगळला तिचा, आता टेकवेना. चांगुणानंही कण्हल्यासारखं केलं. अन मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो. कुणीच माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं. चाळीस हमाल माझ्या गुडघ्यांकडं बघत होते. बायकोच्या पायाचं मी त्यांना काहीही सांगू शकलो असतो, पण गुडघ्यांना खोटं बोलता येत न्हाई, अन ते वाचायला याच लोकांनी मला शिकवलं होतं. घोषणा थांबली. हसणारा हसायचा थांबला. एकेक जण नजर वर करून चांगुणाकडं बघायचा अन खाली घालायचा. झेंड्याचा कपडा तेवढा फडफडत होता. हणमंतराव पुढं आला. तो वयानं मोठा, त्याची पाठ माझ्यापेक्षा जुनी. त्यानं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "किती?" मी म्हणालो, "अडतीस, सातशे." अन पुढं म्हणालो, "दिपालीची परीक्षा रविवारी हाय."

तो टोळीकडं वळला अन भाषणाच्या आवाजात म्हणाला, "ऐकलं का रे सगळ्यांनी? हिचा पाय मुरगळलाय." चाळीस जणांनी माना हलवल्या. त्यानं दोरीवरचा माझा हूक काढून स्वतःच्या कमरेला अडकवला अन आमच्या पुढं रिक्षा थांबवायला निघाला. गुरुपादप्पा बाजूला उभे होते, ते आमच्यासाठी वाटेतून मागं सरले.

रिक्षात बसलो तर फोन वाजला. दिपाली. दर एक मेला ती फोन करते, कामगार दिनाच्या शुभेच्छा देते अन विचारते, पप्पा, आज काही उचललं न्हाई ना? मी फोन चांगुणाच्या अन माझ्या मधोमध धरला. सांगितलं की तुझी आई चरात धडपडली, पाय थोडा मुरगळला, दवाखान्यात पट्टी करून आणतो, तू पुस्तकात डोकं घाल. पोरगी आधी घाबरली, मग तिच्या आवाजात लहानपणचं काहीतरी आलं. म्हणाली, म्हणजे आज तुम्ही रिवाज मोडला, आईला उचललंत. मी हो म्हणालो.

"मग सांगा की पप्पा, किती भरली आई?"

रिक्षा खड्ड्यातून गेली. मी एकतीस वर्षांत कुणाला खोटं माप सांगितलेलं न्हाई. चांगुणाची बोटं माझ्या मनगटावर होती, ती आवळली गेली.

"साडेबावन्न," मी म्हणालो.

पलीकडं दिपाली हसली. म्हणाली, बाप रे, आईला सांगा भात कमी खा. फोन बंद झाला. पूल आला, खाली गोदावरी उन्हानं आटून दगडांमधून वाहत होती. चांगुणानं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. तिची नजर खाली नदीवर होती.

"ते दोघी मिळून होतं," ती म्हणाली.